परीक्षा द्या, पदवी मागू नका

मूळची नाशिकची आणि त्यात वकील, त्यामुळे ऑक्सफर्डला लेकीकडे गेल्यावर मी आधी कुठे जाणार हे ठरलेलंच होतं. "आई, ख्राइस्ट चर्च कॉलेज तरी बघ," असं ती म्हणत राहिली. मी वुडस्टॉक रोडवरचं, मुळात मुलींसाठी काढलेलं सॉमरव्हिल कॉलेज गाठलं. नाशिकात जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथेच कायदा शिकायला आल्या.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून अव्वल गुण मिळवून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या होत्या. त्या गुणांवर मिळणारी विलायतेची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या.

सॉमरव्हिल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं होतं. १८७९ साली बारा मुलींनिशी सुरू झालेलं, मेरी सॉमरव्हिल या स्कॉटिश विदुषीचं नाव दिलेलं. धर्मपंथाची अट नाही, हे त्या काळच्या ऑक्सफर्डात धाडसच. १८९२ मध्ये सोराबजींना बीसीएलच्या, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या पासही झाल्या. पण पदवी? ती नाही! बायकांनी व्याख्यानं ऐकावीत, पेपर लिहावेत. विद्यापीठाचं सभासद मात्र व्हायचं नाही. असा युक्तिवाद कोर्टात कुणी केला असता तर न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं असतं. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० उजाडावं लागलं.

मी सर्वात जास्त रेंगाळले ते ग्रंथालयापाशी. १९०४ चं. दुसऱ्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा या बायकांनी स्वतःचं कपाट भरलं. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचा खासगी ग्रंथसंग्रहही पुढे इथेच आला, समासातल्या त्यांच्या टिपांसकट. १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत बायकांच्या मताधिकाराची मागणी मांडणारा हा माणूस. त्याची पुस्तकं योग्य घरी पडली.

पहिल्या महायुद्धात इमारतीचं लष्करी इस्पितळ झालं आणि मुलींना ओरिएल या पुरुषांच्या कॉलेजच्या एका भागात हलवलं. मधे भिंत घातली होती. १९१९ मध्ये काही पोरांनी ती फोडली. पोरं ती पोरंच.

पुढे रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन इथल्याच, ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर इथल्याच, थोडा काळ इंदिरा गांधीही. १९९२ मध्ये मुलगे घ्यायचं ठरलं तेव्हा विद्यार्थिनींनी जोरदार निदर्शनं केली. १९९४ पासून मुलगे आले. लेकीला ती निदर्शनं जुनाट वाटतात. मला नाही वाटत. सत्तरच्या दशकात पुरुषांच्या कॉलेजांनी मुलींना दारं उघडली, पण तिथे शिकवणाऱ्या जागांवर बायका किती होत्या? बाई प्राध्यापकाला हक्काची नोकरी मिळायची ती मुलींच्या कॉलेजांत. या मुद्द्यावर आमचा वाद जेवणाच्या टेबलापर्यंत चालला, आणि जावई मुकाट्याने भात वाढत राहिला.