बूट नेसून बघू का?

तोक्योतल्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या बुटांनी जीव सोडला. निशी-कासाईतल्या एका दुकानात गेले, एक जोड हेरला आणि घरून घोकून आणलेलं वाक्य ठोकून दिलं, "किते मिते मो ई देस् का?" घालून बघू का? दुकानातली मुलगी क्षणभर थबकली. मग हसू आवरत दोन्ही हातांनी शूहॉर्न पुढे करून म्हणाली, "हाइ, दोझो. हाइते मिते कुदासाइ."

माझं 'किते' तिनं गुपचूप 'हाइते' करून परत दिलं होतं, हे माझ्या डोक्यात घरी पोचल्यावर शिरलं.

मी फोनमधल्या शब्दकोशात 'वेअर' टाकलं होतं. पहिला शब्द आला 'किरु' ('किते' हे त्याचंच रूप), तो उचलला. खाली आणखी पाचसहा होते, पण कोण वाचतंय!

'किरु' म्हणजे खांद्यावरून अंगात चढवायचं: शर्ट, कोट, किमोनो. ('किमोनो'तला 'कि' तो हाच.) कमरेखालचं 'हाकु' ('हाइते' हे त्याचंच रूप): पँट, मोजे, बूट. टोपीला 'काबुरु', चष्म्याला 'काकेरु', टाय आणि पट्टा आवळायचा म्हणून 'शिमेरु', अंगठीला 'हामेरु'. त्यात 'हाकु'चा अर्थ ओकणं असाही होतो आणि झाडणं असाही, फक्त सूर आणि कांजी (लिहायची चित्राक्षरं) वेगळी. होक्काइदोकडे हातमोजेसुद्धा 'हाकु' करतात, हे कळल्यावर मी नियम शोधणं सोडून दिलं.

असेच काही महिने गेले. एकदा फोनवर आईनं विचारलं, "गणपतीत नऊवारी नेसणार आहेस ना?" आणि ट्यूब पेटली. आपण तरी सगळं 'घालतो' कुठे? साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो. घरात एवढं असताना मी जपानीच्या दारात इंग्रजीचा हात धरून उभी होते.

त्या दिवशी वहीचं डावं पान बदललं. इंग्रजी खोडून मराठी लिहिलं. 'राइस'पाशी किती दिवस अडले होते! शेतात डोलतं ते भात 'इने', दुकानातून आणते तो तांदूळ 'कोमे', ताटात वाढते तो भात 'गोहान', आजारपणातली मऊ पेज 'ओकायु'. 'कोल्ड'चंही तेच. थंडी वाजली तर 'सामुइ', पाणी गार असेल तर 'त्सुमेताइ', सर्दी झाली तर 'काझे'. दर वेळी मराठी धावून येते असं मात्र नाही. पाणी तापलं की 'मिझु'चं 'ओयु' होतं. आपल्याकडे कोमट असो की कढत, पाणी ते पाणीच.

गणपतीला नेसले एकदाची नऊवारी. यूट्यूब बघून, तीनदा सोडून, चौथ्यांदा जमली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. (मनात काकू. तोंडावर आडनावाला 'सान' लावायचं.) त्या काष्ट्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, हे 'किरु' का, 'माकु' म्हणजे गुंडाळणं, की खाली पायात दोन भाग दिसतात म्हणून 'हाकु'? मी म्हटलं, आमच्याकडे साडीसाठी वेगळंच क्रियापद आहे, 'नेसणे'.

"ने-सु-ने," त्यांनी घोटून घेतलं. मग माझ्या कापडी गजऱ्याकडे बोट केलं. "नेसुने?"

"नाही, माळणे."

टिकलीकडे बोट. "मारुने?"

"लावणे."

चपलांकडे. "रावुने?"

"घालणे."

आमचा मजला आला होता. काकूंनी दार उघडं ठेवायचं बटण एका हातानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं पिशवीत पेन शोधायला लागल्या.