हॅलिफॅक्सचे कागद: मे १९४० चा तक्ता भरला

मंडळी, हॅलिफॅक्सचं गाडं एकदाचं मे १९४० मधून बाहेर पडलं. नव्याने आलेल्यांसाठी: हा म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला गांधी-आयर्विन करारवाला लॉर्ड आयर्विनच. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, १९४१ पासून वॉशिंग्टनला राजदूत. कागद तीन ठिकाणी विखुरलेत. घरचं बाड यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, मंत्रिपदाच्या काळातला खासगी पत्रव्यवहार लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एफओ ८००’ या फाइल-मालिकेत, आणि व्हाइसरॉय असतानाचा पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीत.

माझा तक्ता साधा आहे. एका रकान्यात सरकारी नोंद, शेजारी हॅलिफॅक्सची त्याच तारखेची डायरी.

२६ ते २८ मे भरताना मात्र मजा आली. सैन्य डंकर्कला अडकलेलं आणि युद्ध मंत्रिमंडळात वाद असा, की मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी चाचपून पाहायच्या का? इतिवृत्त तिथल्याच ‘कॅब ६५/१३’ या मंत्रिमंडळाच्या फायलीत आहे, स्कॅन फुकट उतरवता येतो. २६ तारखेच्या एका बैठकीच्या नोंदीत सुरुवातीलाच लिहिलंय की पहिल्या पाव तासाला सचिव हजर नव्हते, सबब त्या चर्चेची नोंद नाही. नेमका तोच पाव तास!

२७ तारखेच्या इतिवृत्तात हॅलिफॅक्स इतकंच म्हणतो, की आपल्या दृष्टिकोनांत बरंच खोल अंतर आहे. डायरी उघडा: चर्चिल वाट्टेल ते बरळला, आणि वेळ आलीच तर आपले रस्ते वेगळे, हे मी स्पष्ट सुनावलं. मग बागेत चर्चिलने त्याला गोंजारलं. ती बाग इतिवृत्तात कुठून असणार?

तरी ‘डायरी खरी, सरकारी कागद खोटा’ हे मला पटत नाही. डायरीत राग आहे, मुद्दा नाही. स्वातंत्र्याला धक्का लागणार नसेल तरच अटींचा विचार, ही हॅलिफॅक्सची अट समजते ती इतिवृत्तातूनच.

वॉशिंग्टनसाठी तिसरा रकाना लागणार. तिथली रोजची डायरी घरच्यांमध्ये फिरायची, म्हणून नाजूक गोष्टींसाठी त्याने वेगळी गुप्त डायरी ठेवली होती. घरच्यांना काय कळू दिलं नाही, हे त्यामुळे आयतंच दिसतं.

त्याआधी थोडं मागे, १९३० मध्ये जायचंय. गांधीजी येरवड्यात असताना तेजबहादूर सप्रू आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या दोन वकील-नेत्यांनी काँग्रेस आणि आयर्विन यांच्यात मध्यस्थी केली होती. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे तेच जयकर. त्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर कुणी ते चाळले असतील तर जुलै-ऑगस्ट १९३० च्या फायलींचे क्रमांक कळवा, तक्ता तिथूनच पुढे नेतो.