जवळा चालतो, रातकिडा नाही

पावसाळ्यात ताजी मासळी महागली की आमच्याकडे सुक्या जवळ्याचा डबा फळीवरून खाली येतो. भरपूर कांदा, लाल तिखट, चार आमसुलं, सोबत तांदळाची भाकरी. नीट पाहिलं तर ताटात शेकडो काळे डोळे दिसतात, मिशा दिसतात, पाय दिसतात. पण जवळा खाणारा माणूस नीट पाहायच्या भानगडीत पडत नाही. त्याच माणसाला सांगा, थायलंडात रातकिडे तळून खातात. घास हातातच राहतो. "शी! किडे?"

खरं तर दोघांचं गोत्र एकच. जवळा, कोळंबी, खेकडा, रातकिडा, टोळ, सगळे संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला रातकिड्यांचीही होऊ शकते, इतकं जवळचं नातं. पण एक समुद्रातून येतो म्हणून मासळी, आणि दुसरा मोरीतून येतो म्हणून चप्पल.

बरं, आपण किडे खात नाही हाही एक भ्रमच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चॉकलेटमध्ये किड्यांचे तुकडे कुठवर खपवून घ्यायचे याची मर्यादा आखून दिली आहे: १०० ग्रॅममागे सरासरी ६० च्या आत. नकळत पोटात गेलेल्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये एक अहवाल काढला, तेव्हापासून किडे हे 'भविष्यातलं अन्न' झाले. रातकिड्यांचं १ किलो वजन वाढायला साधारण २ किलो खाद्य पुरतं, गुरांना ८ किलो लागतं, असा त्यातला हिशोब. जमीन कमी, पाणी कमी. हिशोब बिनतोड आहे, पण हिशोब पाहून जेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मीलवर्म नावाच्या पिवळ्या अळ्यांना खाद्य म्हणून परवानगी दिली, पुढे टोळ आणि रातकिडे आले. इटलीत गहजब झाला. पास्ता आणि पिझ्झाच्या पिठात किड्यांची पूड नको, असं सरकारनेच २०२३ मध्ये ठणकावलं. याच इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढीच्या दुधाचं एक चीज करतात, त्यात जिवंत अळ्या वळवळत असतात. विक्रीला बंदी असूनही तिथले लोक ते मिटक्या मारत खातात. आजोबांची अळी ती परंपरा, युरोपीय संघाच्या ब्रसेल्सहून आलेली अळी ते संकट!

आणि २०१३ चा तोच अहवाल असंही सांगतो की जगातली सुमारे २०० कोटी माणसं किडे खातातच. म्हणजे भविष्य बिचारं कधीचंच जेवून उठलंय. लांब कशाला, बस्तरच्या आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी होते. पानं शिवून बांधलेलं घरटं उतरवायचं, मुंग्या आणि त्यांची अंडी झटकून काढायची, मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर वाटायचं. आंबटपणा मुंगीच्या अंगचाच. आठवडी बाजारात पानाच्या द्रोणातून विकतात. दक्षिण कोकणात याच मुंग्यांना हुमले म्हणतात, आणि आंब्या-काजूवर चढणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध फक्त चावून घेण्यापुरता.

मला खटकतं ते इथे. माडिया आदिवासी बाईने द्रोणात मुंग्या आणल्या की शहरातला पाहुणा फोटो काढतो आणि मनात 'बिचारे' म्हणतो. तेच प्रथिन परदेशी कारखान्यातून पुडीत भरून आलं की त्याला 'शाश्वत' म्हणतो. ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अचानक ती 'चाखून बघायला हवी' अशा यादीत गेली. मुंग्या त्याच, पाटा तोच. किळस जिभेत थोडी आणि खाणारा कोण आहे यात जास्त असते, असं मला वाटू लागलंय.

शाकाहारी माणसाचं वेगळं. तो जवळाही खात नाही आणि रातकिडाही, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण माझ्यासारख्यांशी आहे, जे खेकड्याची नांगी कटाकट फोडून चोखतात आणि मग टोळाच्या तंगडीला नाक मुरडतात.

मला विचाराल तर मुंग्यांची चटणी मी खाईन, गरम भाताबरोबर. आंबट-तिखटाला मी नाही म्हणत नाही. रातकिड्यांच्या पुडीची ती प्रोटीन बार मात्र नको. त्यात रातकिड्यांचा काही दोष नाही; मला शेंगदाण्याचीही प्रोटीन बार आवडत नाही.