नवाहो गरीब का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत राहते. टॅक्सच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, कमी उत्पन्नाच्या लोकांचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या एका केंद्रावर बसते. इथे येण्याआधी पुण्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली. त्यामुळे दोन्हीकडचे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "काँगो, सोमालियातून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं दहा वर्षांत घर-गाडी करतात. नवाहो तर इथलीच मूळची जमात. जमीन त्यांची, दवाखाना सरकारचा. मग ते एवढे गरीब कसे?"

विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. कष्टाची सवय, शिक्षणाची ओढ, जिद्द. आपणही बाहेरून येऊन इथे बस्तान बसवलेलं असल्यामुळे हे उत्तर आपल्याला पटकन पटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट सांगते.

आधी आफ्रिकेतून आलेल्यांचं बघू. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत जन्मलेले लोक १९८० साली अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार होते. २०१९ पर्यंत ते २१ लाखांच्या घरात गेले. १९८० चा निर्वासितांविषयीचा कायदा आणि १९९० च्या कायद्याने सुरू झालेली व्हिसाची लॉटरी, ही त्यातली दोन मोठी दारं. लॉटरी म्हटलं की वाटतं, कुणाचंही नशीब उघडतं. पण तिच्यासाठी बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा कौशल्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, तिकिटाचे पैसे. विद्यार्थी आणि नोकरीचे व्हिसे तर आणखी गाळून देतात. अमेरिकेतल्या नायजेरियन प्रौढांत निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत. ही नायजेरियाची सरासरी नाही, तिथून निघू शकलेल्यांची आहे. न्यू जर्सीतले मराठी लोक बघून यवतमाळच्या कापूस शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा अंदाज कुणी बांधतं का?

आणि इतकं शिकूनही हाती काय येतं? आफ्रिकेतून आलेल्यांत पदवीधरांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा जास्त, तरी घरटी उत्पन्न कमी. माझ्या टेबलावर हे रोज दिसतं. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तीन-चार घरांचं मिळून सांगते आहे.) मायदेशी फार्मसी चालवणारा माणूस इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करतो आणि शनिवार-रविवारी गाडी चालवतो. इथला परवाना मिळवायचा तर परीक्षांना पैसा आणि वेळ हवा. दोन्ही हप्त्यांत गेलेलं. तो खिशातून पावत्यांचा जाड गठ्ठा काढतो, दर महिन्याला आईला पाठवलेल्या पैशांच्या. "हिला डिपेंडंट दाखवता येईल का?" नाही येत. अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिको सोडून दुसऱ्या देशात राहणारी परदेशी आई या कायद्याला दिसत नाही. गठ्ठा परत खिशात जातो.

निर्वासितांचं आणखी निराळं. केनियातल्या दादाब किंवा काकुमाच्या छावणीत पंधरा-वीस वर्षं काढून आलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर उतरल्या दिवसापासून विमानाच्या तिकिटाचं कर्ज असायचं आणि सुरुवातीची सरकारी मदत जेमतेम नव्वद दिवसांची असायची. सोमाली कुटुंबांतली गरिबी नायजेरियन किंवा केनियन कुटुंबांपेक्षा कितीतरी जास्त आहे. 'आफ्रिकन' म्हणून एक सरासरी काढली की लागोसचा इंजिनिअर आणि दादाबमध्ये वाढलेली बाई एकाच आकड्यात बसतात. त्या आकड्याचा उपयोग कुणाला आहे कोण जाणे.

तरीही घरं होतात, हे खरं आहे. कशी, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सोमाली बायका 'अयुतो' चालवतात, इथिओपियन 'इकुब'. आपल्या भिशीसारखंच, दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे आणि एकीने उचलायचे. त्यातून डाउन पेमेंट उभं राहतं. शहराच्या आग्नेयेला जुनं, लहानसं घर मिळतं. बँक ते गहाण ठेवून घेते आणि तीस वर्षांचं कर्ज देते. घराची किंमत वाढली की त्यावर पुन्हा कर्ज निघतं, त्यातून ट्रक येतो, ट्रकवर भाऊ चालक म्हणून लागतो. कष्ट तर आहेतच. पण त्या कष्टांना धरायला एक हँडल आहे, आणि ते म्हणजे तारण.

आता नवाहो राष्ट्रात, म्हणजे त्यांच्या राखीव, स्वशासित मुलखात या. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा मिळून साधारण ७० हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढा मुलूख. 'जमीन त्यांची' असं आपण म्हणतो, पण कागदावर ती बहुतेक सगळी अमेरिकन सरकारच्या नावावर आहे, नवाहोंसाठी विश्वस्त म्हणून. माणसाच्या नावावर सहसा काही नाही. घर बांधायचं तर एक एकरापर्यंतची जागा भाडेपट्ट्याने मागायची. मोजणी, पुरातत्त्वाची पाहणी, पर्यावरणाची पाहणी, आणि त्या भागात ज्यांच्याकडे चराईचा परवाना आहे त्यांची संमती. नात्यात वाकडं असेल तर फाइल तिथेच थांबते. वर्षं जातात. सगळं जमलं तरी हातात येतो तो पट्टा. कर्ज थकलं तर बँकेने जप्त काय करायचं, विकायचं कुणाला? खास इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या, जमातींसाठी सरकारी हमीची गृहकर्जं १९९२ पासून आहेत, पण विश्वस्त जमिनीवर ती मिळवणं म्हणजे दुसरी फाइल.

मग लोक मोबाइल होम घेतात. कारखान्यात बनलेलं, ट्रकवर लादून आणलेलं घर. त्याचं कर्ज घराचं नसतं, वस्तूचं असतं: व्याज चढं, मुदत कमी. आणि मोटारीसारखी त्याची किंमत दर वर्षी उतरते. टेबलाच्या एका बाजूला वाढत जाणारं घर, दुसऱ्या बाजूला झिजत जाणारं. दोन्हीकडचा हप्ता मात्र तेवढ्याच घामाचा.

पुण्यात आमच्याकडे आदिवासी खातेदाराचा अर्ज आला की हीच अडचण यायची. त्याची जमीन बिगरआदिवासीला सहजी विकता येत नाही, म्हणून बँक का-कू करायची. ते बंधन चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. इथेही नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने अनेक जमातींच्या जमिनी माणशी वाटून विक्रीला मोकळ्या केल्या, आणि १९३४ पर्यंत इंडियन लोकांच्या हातून जवळजवळ ९ कोटी एकर गेले. हे कुंपण त्या लुटीनंतरचं आहे. माझा आक्षेप एवढाच, की कुंपण घालणाऱ्याने आतल्या माणसाला पतपुरवठ्याची दुसरी वाट करून द्यायला हवी होती, ती धड दिली नाही.

उलट होतं ते मोडलं. १८६४ मध्ये किट कार्सनच्या अमेरिकन फौजेने शेतं जाळली, कॅन्यन द शे या दरीतली पीचची झाडं तोडली आणि हजारो लोकांना चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ मध्ये नवाहोंचा पुढारी बार्बोन्सितो याने अमेरिकन जनरल शर्मनला ओक्लाहोमाकडे जायला साफ नकार दिला, आणि तह करून नवाहो स्वतःच्या भूमीवर परतले. अशा फार थोड्या जमाती आहेत. परतल्यावर त्यांनी मेंढ्या वाढवल्या. लोकर, मटण, विणकाम, सगळं त्यावर. १९३० च्या दशकात जमिनीची धूप होते म्हणून सरकारने लाखो मेंढ्या-बकऱ्या कमी करायला लावल्या, कित्येक ठिकाणी जागच्या जागी मारून टाकल्या. वर सांगितलेले चराईचे परवाने त्याच मोहिमेतून आले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची ती फाइल आज नातवाच्या घराच्या अर्जाला आडवी येते.

याहून विचित्र गोष्ट ट्युबा सिटीकडची. शेजारची होपी जमात आणि नवाहो यांच्यातल्या जमिनीच्या वादापायी १९६६ मध्ये इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त बेनेट यांनी सुमारे १५ लाख एकरांवर बांधकामबंदी घातली. दोन्हीकडची संमती असल्याशिवाय नवं घर नाही, वीज-पाण्याची जोडणी नाही, गळकं छप्परही दुरुस्त करायचं नाही. ही बंदी २००९ मध्ये उठली. त्रेचाळीस वर्षं! त्या काळात तिथे जन्मलेल्या माणसाने 'प्रगती' कशी करायची होती, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि या भूमीतून पैसा निघाला नाही असंही नाही. १९४४ ते १९८६ या काळात जवळजवळ ३ कोटी टन युरेनियमचं खनिज निघालं. पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिलेल्या आहेत. ब्लॅक मेसा पठाराच्या कोळशावर पेज गावाजवळचं वीजकेंद्र चाललं आणि त्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स-टूसॉनपर्यंत उपसलं गेलं, २०१९ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत. हा कोळसा काढणाऱ्या पीबडी कंपनीच्या १९६४ च्या करारात नवाहोंची रॉयल्टी टनाला जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट होती. वीस वर्षांनी फेरआढाव्याची वेळ आली तेव्हा इंडियन व्यवहार खात्याच्या अधिकाऱ्याने २० टक्के दर ठरवला. कंपनीने अपील केलं, तिची माणसं त्या खात्याचे वरिष्ठ, इंटिरियर मंत्री होडेल यांना परस्पर भेटली, नवाहोंना त्याचा पत्ताही नव्हता, आणि मंत्र्यांनी निकाल लांबवायला लावला. पैशाची चणचण असलेल्या नवाहोंनी शेवटी साडेबारा टक्क्यांवर सही केली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सरकार याची भरपाई देणं लागत नाही. विश्वस्ताने असं वागलेलं आमच्या बँकेत कुणी खपवून घेतलं नसतं.

त्याच राष्ट्रात आज साधारण तीस टक्के घरांत नळ नाही आणि दहा हजारांहून जास्त घरांत वीज नाही. एक तृतीयांशाहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली. एवढ्या मुलखात मोठी किराणा दुकानं दहा-पंधरा, म्हणून पगार झाला की गाड्या गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफकडे वळतात आणि पैसा राष्ट्राबाहेर खर्च होतो.

दोन गैरसमज इथेच निपटते. नवाहो टॅक्स भरत नाहीत, हे खोटं. केंद्राचा इन्कम टॅक्स ते सगळ्यांसारखाच भरतात. त्यांच्या भूमीवर राहून तिथेच कमावलं तर फक्त राज्याचा लागत नाही, तोही रोझालिंड मॅकलॅनहन नावाच्या नवाहो बाईंनी ॲरिझोनाविरुद्ध लढून १९७३ मध्ये मिळवलेला हक्क. दुसरं, कसिनोचे चेक घरोघर येत नाहीत. नवाहोंचा पहिला कसिनो २००८ चा, आणि त्याआधी मतदारांनी दोनदा जुगाराला नकार दिला होता.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही तुलना करता ती निघालेल्यांची आणि राहिलेल्यांची. अल्बुकर्कीत किंवा फिनिक्समध्ये नर्स, शिक्षक, वेल्डर म्हणून काम करणारे नवाहो माझ्या टेबलावर येतातच की. त्यांच्याकडे गृहकर्जाच्या व्याजाचा तोच फॉर्म असतो जो केनियन नर्सकडे असतो. आणि तेही घरी पैसे पाठवतात, फक्त पावती होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आय-४० महामार्गावर पश्चिमेला निघालेले पिकअप बघा. मागे हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, गवताच्या पेंढ्या, सरपण, किराणा. गॅलपपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, पुढे कच्चा रस्ता. चॅप्टर हाउसला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीत, टाकी भरून घ्यायची आणि आजीच्या घरी पोचवायची. डिझेल, टायर, सुट्ट्या, सगळा खर्च याच मुलांचा. आफ्रिकेत गेलेला डॉलर जागतिक बँक मोजते. हा पैसा कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि मग शहरातल्या नवाहोची बचत कमी दिसते.

"मग आजीच का येत नाही शहरात?" हाही प्रश्न येतो. मी तिच्या बाजूची आहे. जी जागा सोडायला नकार देऊन तिच्या पणजोबांनी तह केला, ती तिने नळासाठी सोडावी हे मागणं मला अन्यायाचं वाटतं. नळ तिथे जायला हवा.

तो काही ठिकाणी जातोही आहे. २००९ मध्ये मंजूर झालेल्या नवाहो-गॅलप पाणीयोजनेच्या एका शाखेतून न्यू मेक्सिकोच्या बाजूला पाणी सुरू झालं, मोठ्या शाखेचं काम चालू आहे. ॲरिझोनाच्या बाजूला मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की १८६८ च्या तहामुळे पाणी मिळवून देण्याची कृती करायला सरकार बांधील नाही. त्यानंतर २०२४ मध्ये नवाहो, होपी आणि सॅन व्हान सदर्न पायूट या तीन जमातींनी मिळून समझोता मंजूर केला. त्यात पाइपलाइनी आणि इतर कामांसाठी ५ अब्ज डॉलर मागितले आहेत. पैसे द्यायचे ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, आणि विधेयक तिथे अडून आहे.