हाये का कोनी घरी?

सकाळी साडेआठला मोबाईलवर मेसेज पडतो : 'तुमचं पार्सल आज सकाळी ९ ते सायंकाळी ७ या वेळेत पोहोचेल.' तो वाचला की मी पोळी लाटता लाटता हिशोब मांडते, या दहा तासांत आमच्या घरी नक्की कोण असणार?

दिवाळी झाली की आमच्या आर्वीकडच्या गावांत दिवसा कुत्रंसुद्धा भुंकायला माणूस शोधतं. कापूस फुटलेला, वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून घरच्यांनीच वावरात जायचं. सासूबाई भाकर बांधून निघतात त्या दिवस मावळताना परततात. नवरा तालुक्याला बँकेत. मुलगी शाळेत. आणि मी अकरा किलोमीटरवरच्या झेडपी शाळेत, साडेदहा ते पाच. घरी उरतात एक गाय, तिचं वासरू आणि समोरच्या ओट्यावरचे आबाजी. आबाजींना ऐकू येत नाही. तुम्ही काहीही विचारा, ते 'हाव' म्हणतात. एका डिलिव्हरीवाल्याने त्यांना 'मॅडम घरी आहेत का' असं विचारलं. ते 'हाव' म्हणाले. तो बिचारा दहा मिनिटं कुलपाकडे बघत उभा होता.

मग फोन येतो. माझ्या शाळेत रेंज फक्त चौथीच्या वर्गात, तीही खिडकीच्या कट्ट्यावर फोन उभा ठेवला तरच. वर्गात फोन घेऊ नये हे मलाही ठाऊक आहे. पण पार्सल दोनदा परत गेलं होतं, आणि त्यात मुलीचं शिष्यवृत्ती परीक्षेचं पुस्तक होतं.

"मॅडम, घरी कोनी नाही काजी? कुलूप हाये."

"नाही रे बाबा, मी शाळेत आहे. ठेवून दे ना कुठे तरी."

"ठेवतो. ओटीपी सांगजा."

ओटीपी सांगणं हा एका आकड्याचा खेळ असता तर बरं होतं. मी म्हणायचे चार, त्याला ऐकू यायचं सात. मी सात म्हणायचे, तो म्हणायचा, "कट होऊन राह्यलं जी." चौथ्यांदा मी खिडकीबाहेर अर्धी लटकून ओरडले तेव्हा कुठे चारी आकडे पोचले. वळून बघते तर पहिल्या रांगेतल्या एका पोरीने पाटीवर लिहून ठेवलं होतं : ४००० + ७०० + २० + ९. आम्ही त्या आठवड्यात विस्तारित मांडणी शिकत होतो. मी तिला शाबासकी दिली. ओटीपी कुणालाही सांगू नये, हे त्याच वर्गाला मीच सांगितलेलं होतं, तो भाग वेगळा.

एवढं करून त्याचं शेवटचं वाक्य रेंजने खाल्लं. मला फक्त ऐकू आलं, "...खाली ठेवलं हाये."

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी सगळ्याच्या खाली बघितलं. पायरीखाली, तुळशीच्या कुंडीखाली, सपरीतल्या खाटेखाली. आबाजींना विचारलं, "इथे काही ठेवलं का त्याने?" ते म्हणाले, "हाव." दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई गाईला कुटार टाकायला गेल्या आणि गोठ्यातून त्यांची हाक आली. पार्सल गव्हाणीत होतं, कुटाराखाली. पोराने डोकं चालवलं होतं, चोराला तिथे सापडलंच नसतं. गाईला मात्र सापडलं. पुस्तकाची वरची कड आणि बुद्धिमत्ता चाचणीची पहिली चार पानं ती चघळून बसली होती.

मुलीला मी ते पुस्तक दिलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आई, गाय पास होईल का?"

मुलांना मी पिनकोड शिकवते. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशात सुरू झाला. ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृत कवी. सहा आकडे. पहिला ४ दिसला की आपला भाग, आणि पुढे अजून एक ४ आला की पोरं ओरडतात, "विदर्भ!" हे सहा आकडे पत्राला आपल्या पोस्टापर्यंत आणतात. आता त्याच्याही पुढचं आलं आहे. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन काढला. सगळ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता. मी हौसेने आमच्या घराचा काढून बघितला. सपरीचा वेगळा निघाला आणि गोठ्याचा वेगळा. म्हणजे यापुढे पार्सल गव्हाणीत पडलं तर नेमक्या कोणत्या गव्हाणीत, हे तरी कळेल.

पण माझी अडचण मी कुठे राहते ही नाहीच. ती मी केव्हा राहते ही आहे. त्याला रकाना नाही. पत्ता लिहायला तीन ओळी देतात, वर 'जवळची खूण' विचारतात, मी 'आटाचक्कीच्या मागे' लिहिते. पण 'साडेसहानंतर या' हे लिहायला जागाच नाही. मी एकदा ते खुणेच्या रकान्यात लिहून पाहिलं. पोरगा फोन करून विचारत होता, "मॅडम, हे साडेसहानंतर कोन्त्या मंदिराजवळ हाये?"

माझ्या माहेरच्या गावी टपाल वाटणारे काका होते. अर्धा दिवस टपाल, अर्धा दिवस स्वतःचं वावर. त्यांनाही कुणी घरी सापडत नसे, पण त्यांना कोण कुठे सापडेल ते माहीत असे. मंगळवारी म्हणजे बाजार, म्हणून वडील बाजारात. तुरीची सवंगणी चालू, म्हणून नाल्यापलीकडच्या वावरात. मनीऑर्डर असली की सायकल धुऱ्याला टेकवून ते थेट तिथेच यायचे आणि सही घेऊन, कांदा-भाकर खाऊन जायचे. त्यांच्या सायकलला ट्रॅकिंग नव्हतं. गिऱ्हाइकाचं ट्रॅकिंग मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

रविवारी मी घरी असते, पण रविवारी आमच्या बाजूला गाडी येत नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. अकरा-साडेअकराला सुटते, मी बाराला घरात. वाटलं होतं, आता तरी भेट होईल. पण एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे दारं-खिडक्या लावून आत कूलर सुरू असतो. लोखंडी पत्र्याचा, जुना, पाण्याचा. तो सुरू झाला की शेजारच्या खोलीतला माणूससुद्धा हातवाऱ्यांनी बोलतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते पोरगं फटफटीचा हॉर्न वाजवत असतं, "हाये का कोनी घरी?" म्हणून ओरडत असतं, आणि आत मी उशाला फोन ठेवून त्याचीच वाट बघत झोपलेली असते. उठून बघते तर मेसेज : 'ग्राहक उपलब्ध नाही.' पूर्वी मला याचा राग यायचा. न येताच खोटं टाकतात, असं वाटायचं. काही जण टाकतही असतील. पण त्या दुपारी दाराबाहेरच्या धुळीत टायरचे दोन ओरखडे होते. आला होता तो.

शेवटी गावाने सर्वांसाठी एकच पत्ता काढला : फाट्यावरचा पानठेला. तो सकाळी सहाला उघडतो, रात्री नऊला मिटतो, आणि भाऊ तिथून हलत नाही. सुपारीच्या डब्यांच्या वरच्या फळीवर गावभरची पार्सलं. ओटीपी आपण त्याला फोनवर सांगायचा, तो पुढे पोराला सांगतो. कुणाचे पैसे द्यायचे असले तर सकाळी जाता जाता त्याच्याकडे ठेवायचे. हा सगळा उपकार तो करतो, वर वेगळं काही घेत नाही. किंमत फक्त एवढीच की आपल्या घरात काय येतं ते अख्ख्या फाट्याला कळतं. खोका हलवून आतला माल ओळखण्यात भाऊचा हात कुणी धरणार नाही. "मॅडम, तुमचा केसांचा रंग आला जी!" हे त्याने चार माणसांसमोर सांगितलं, तेव्हापासून मी मेहंदी तालुक्याच्या दुकानातून आणते. दुसरं म्हणजे, तिथून आलेल्या प्रत्येक वस्तूला खर्ऱ्याचा वास येतो. माझ्या एका साडीला तो अजून आहे.

मागच्या महिन्यात मात्र त्या पोराने पार्सल ठेल्यावर न ठेवता सात वाजता घरी आणून दिलं. परतीच्या वाटेवर होता म्हणे. त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं. वीस-एकवीसचा, ओठ फुटलेले, पाठीवर त्याच्याहून मोठी बॅग. सासूबाईंनी चहा ठेवला. तो सांगत होता, पोचलेल्या पार्सलमागे पैसे, परत गेलेल्याचं पेट्रोल त्याच्याच खिशातून. पहाटे पोलीस भरतीसाठी पळतो. पळायचे बूट मागवलेत.

"मग आले का?" मी विचारलं.

"कायचे जी. आमच्या गावाकडे दुसरा पोरगा येते. तीनदा येऊन गेला. माय वेचायले, मी तुमच्याकडे. वापस गेले बूट."

तो गेल्यावर खोका उघडला. चटणीचा मिक्सर जार होता, दसऱ्याच्या सुमारास मागवलेला. जुन्याचा कान तुटला होता. नवा चकचकीत निघाला, पण त्याच्या खालचे दाते काही आमच्या मिक्सरला बसेनात. उलटा करून पाहिला, दाबून पाहिला. तोवर सासूबाईंनी जवसाची चटणी उखळात कांडून घेतलीही होती.

मी 'परत करा' दाबलं. लगेच उत्तर आलं : 'आमचा प्रतिनिधी उद्या सकाळी ९ ते सायंकाळी ७ या वेळेत जार नेण्यासाठी येईल. कृपया घरी उपलब्ध राहावे.'

सासूबाईंनी जार माझ्या हातातून घेतला, पदराने आतून पुसला आणि झाकण लावून बघितलं. झाकण मात्र घट्ट बसत होतं.

"राहू दे ना," त्या म्हणाल्या. "उरलेले जवस ठेवीन याच्यात."