खिडकीखालचा गिलावा: दुसरा प्रयत्न, चौथा दिवस

आधी वाईट बातमी. तीन आठवड्यांपूर्वी खिडकीखाली मारलेलं ठिगळ मागच्या शनिवारी अख्खं हातात आलं. मागची बाजू उलटून पाहिली तर कोरडी ठणठणीत, विटेचा एक कणही चिकटलेला नाही. माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) बरा होता, पण भिंतीने त्याला धरलंच नव्हतं. उन्हात तापलेल्या विटा मी ओल्या फडक्याने पुसल्या आणि लगेच थापी चालवली होती. विटांनी मालातलं पाणी पिऊन टाकलं, सिमेंटला घट्ट व्हायला काही उरलं नाही.

मग सगळं मुळापासून. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत गेलो आणि जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने रेघ मारली. पोपडे दिसत होते वीतभर जागेत, खडूची रेघ गेली दोन हात लांब! आवाज खणखणीत येईपर्यंत छिन्नीने काढत राहिलो. कडा या वेळी उभ्या कापल्या, आतल्या बाजूला किंचित तिरक्या. मागे कडेला पातळ होत जाणारा थर ओढला होता, तो आधी तुटला. विटांचे सांधे साधारण 10 मिमी खोल खरवडले. आत लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) धरलेला होता, तो कोरड्या ब्रशने झाडला. धुवायचा मोह झाला होता, पण पाण्याने क्षार विरघळून परत विटेतच जातात.

आता खरा चोर. खिडकीच्या तळाशी बाहेर आलेल्या छज्ज्यावर बाटलीने पाणी ओतून खाली उकिडवा बसलो. पाणी कडेवरून गळण्याऐवजी छज्ज्याच्या तळाला चिकटून सरकत भिंतीपर्यंत आलं आणि थेट ठिगळाच्या वरच्या सांध्यात शिरलं. म्हणजे मी कितीही छान गिलावा केला असता तरी तो पुन्हा सुटणारच होता. ग्राइंडरने तळाला, कडेपासून 2 सेंमी आत, 10 मिमी रुंद खाच कापली. डोक्यावर हात धरून कापायचं म्हणजे मानेचा भुगा, आणि धूळ सगळी तोंडावर. चष्मा आणि मास्क नसेल तर हे काम करूच नका. पुन्हा बाटली ओतली तर थेंब खाचेपाशी येऊन सुटायला लागले. त्या आनंदात उरलेली बाटलीही तिथेच रिकामी केली.

वाळू या वेळी तपासली. बाटलीत वाळू, वर मिठाचं पाणी (गाळ नीट वेगळा बसतो), हलवून तीन तास ठेवली. वर बसलेला गाळ वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त वाटला, म्हणून सगळी वाळू धुऊन चाळली. बाटलीतली खारी वाळू अर्थातच फेकली.

भिंतीवर संध्याकाळी दोनदा पाणी मारलं. वीट ओलसर पण वर चकाकणारं पाणी नाही, अशी झाल्यावर सिमेंट आणि जाड वाळूचा 1:2 पातळ माल थापीने फेकून खरखरीत पृष्ठभाग करून रात्रभर ठेवला. सकाळी पहिला हात, म्हणजे थर, सिमेंट-वाळू 1:4, साधारण 12 मिमी, ओला असतानाच खिळ्याने आडव्या रेघा. दुसरा हात पुढच्या दिवशी: सिमेंट, चुना, वाळू 1:1:6, 8 मिमी. वरचा थर आतल्यापेक्षा कडक ठेवला तर आकसताना तो खालच्याला ओढून सोडवतो. पहिल्या खेपेला मी नेमकं उलट केलं होतं, वरच्या थरात जास्त सिमेंट, 'मजबूत' व्हावा म्हणून.

जुन्या भिंतीचा पोत जुळवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. जुना गिलावा रेतीदार आहे, दाणा डोळ्याला दिसतो. प्लायवूडच्या तुकड्यावर चार नमुने केले. पोलादी थापीने घोटलेला गुळगुळीत झाला. सिमेंटची साय वर येते आणि तिलाच पुढे केसासारख्या भेगा पडतात. लाकडी रंधा (गिलावा घोटायची सपाट फळी) गोल फिरवला आणि मग पिळून काढलेला स्पंज हलकेच टेकवला, तो नमुना जमला. वेळ मात्र नेमकी साधावी लागते: अंगठ्याचा ठसा उमटावा, पण माल अंगठ्याला लागू नये. भिंतीवर उजवीकडे ती वेळ सापडली, डावीकडे पाचेक मिनिटं उशीर झाला आणि दाणे सुटून खाली आले. तिरप्या उन्हात तो भाग ओळखू येतो. मला तरी येतो.

गोणपाट टांगून पाणी मारण्याचा आज चौथा दिवस, सात करणार आहे. रंगाला 28 दिवस हात लावणार नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात, जुन्या-नव्याच्या जोडावर, ओलं असताना एक बारीक रेघ दिसते. तिथे आवाज किंचित बद्द आहे की माझाच कान संशयी झालाय, ते वाळल्यावर ठोकून कळवतो.