तुम्ही विचारलेत म्हणून: समोर कोणीच नसताना तलवार कोणावर?

मी इआईदो, म्हणजे तलवार म्यानातून उपसून वार करण्याची जपानी विद्या, शिकतो हे कळले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: समोर प्रतिस्पर्धीच नसेल तर तलवार चालवता कोणावर, आणि जिंकलो की हरलो हे कळते कसे? प्रश्न रास्त आहे. केंदो या जपानी तलवारबाजीत बांबूची तलवार, अंगावर चिलखत आणि समोर जिवंत माणूस असतो. इआईदोत मात्र माणूस एकटाच गुडघे मोडून बसतो, तलवार उपसून वार करतो, ती पुन्हा म्यान करतो आणि उठतो.

उत्तराची सुरुवात तलवार कमरेला कशी लावतात येथून करावी लागते. घोडेस्वारांची जुनी तलवार, ताची, धार खाली ठेवून टांगलेली असे; पुढे कताना ही तलवार धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्यामुळे उपसणे व वार करणे ही दोन कामे एकाच हालचालीत उरकणे सोपे झाले. या हालचालीला विद्येचे रूप देण्याचे श्रेय सोळाव्या शतकातील हायाशिझाकी जिनसुके शिगेनोबु याला दिले जाते. वडिलांच्या खुनाचा बदला घेण्यासाठी त्याने देवस्थानात अनुष्ठान केले आणि तेथेच त्याला दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. ती मला इतिहासापेक्षा कीर्तनात अधिक शोभेलशी वाटते. पण आजच्या यामागाता प्रांतातील मुरायामा येथे त्याचे मंदिर आहे, आणि अनेक शाखा आपली परंपरा त्याच्यापासूनच मोजतात. त्यांतील एक शिकोकू बेटावरील तोसा संस्थानात टिकली. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यानंतर ही विद्या विस्मरणात गेली असती, परंतु या परंपरेतील गुरू ओए मासामिची यांनी तिची नव्याने मांडणी केली आणि तलवारबाज नाकायामा हाकुदो यांनी ती तोसाबाहेर पोहोचवली.

आता सराव. अखिल जपान केंदो महासंघाने 1969 मध्ये सात प्रमाणित काता, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, ठरवले, 1980 मध्ये तीन आणि 2000 मध्ये दोन वाढवले. आज ते बारा आहेत. पहिल्या कातात समोर बसलेल्या शत्रूचा हेतू ओळखून, त्याने हल्ला करण्याआधी त्याच्या कानशिलावर आडवा वार करायचा, मग तलवार डोक्यावर नेऊन उभा वार करायचा, पात्यावरचे रक्त झटकल्याची क्रिया करायची आणि पडलेल्या शत्रूवरून नजर न काढता ती म्यान करायची. पाहणाऱ्याचे लक्ष उजव्या हाताकडे असते, पण खरे काम डावा हात करतो: तो म्यान मागे खेचत नाही तोवर पाते पूर्ण बाहेर येत नाही, आणि उजव्या हाताच्या जोराने ही उणीव भरून काढू गेल्यास टोक वाकडे जाते. नवशिक्यांच्या हातात धार नसलेली मिश्रधातूची तलवार देतात, हे म्यानाच्या तोंडाशी असलेल्या बोटांचे भाग्यच म्हणायचे.

घरात शिरताना सामुराई लांब तलवार कमरेतून काढून ठेवत असे. मग ती कमरेला लावून गुडघ्यांवर बसण्याचा प्रसंग येतो कोठून, अशी शंका जाणकार घेतात आणि ती योग्यच आहे. माझ्या मते बसून करायचे काता रणांगणाची नक्कल नाहीत. पाय मोडलेले असताना धावता येत नाही, उडी घेता येत नाही; सगळी ताकद कमरेतूनच काढावी लागते, आणि तेच शिकवायचे असते.

राहिली हारजीत. स्पर्धेत दोघे शेजारी शेजारी आपापले काता करतात आणि तीन पंच लाल किंवा पांढरे निशाण उचलतात. नजर कोठे होती, आडवा वार शत्रूच्या उंचीवर झाला की हवेत कोठेतरी, उभा वार कोठे थांबला, म्यान करताना घाई झाली का, यांवरून तो कल्पनेतला शत्रू खरोखर समोर होता की नाही हे त्यांना कळते. निर्णयाचे कारण ते तेथे सांगत बसत नाहीत. ते आपल्या गुरूंकडूनच ऐकावे लागते, आणि बहुतेक वेळा ते डाव्या हाताविषयीच असते.